ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल’ वारकरी घरात वाचताना

प्रश्न

रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हे पुस्तक मी सध्या रोज रात्री वडिलांना वाचून दाखवतो. त्यांनी अनेक वर्षे आषाढीची वारी केली आहे. आता नजर अधू झाल्यामुळे त्यांना स्वतः वाचता येत नाही. विठ्ठल हा मूळचा गवळी-धनगरांचा देव असून पुढे त्याचे वैष्णवीकरण झाले, या प्रतिपादनापाशी आम्ही आलो, तेव्हा ते गळ्यातली तुळशीची माळ बोटांत धरून बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढेच म्हणाले, “मग पुंडलिकाचं काय?” मला उत्तर देता आले नाही. वाचन थांबवायचा प्रश्न नाही, कारण पुढे वाच असे तेच सांगतात. परंतु या मांडणीत पुराव्याचा भाग किती आणि अनुमानाचा किती, हे माझ्यासारख्या सामान्य वाचकाने कसे ओळखावे?

प्रतिसाद १

वडिलांच्या प्रश्नापासूनच आरंभ करावा. होयसळ राजा सोमेश्वर याचा १२३७ सालचा शिलालेख पंढरपूरच्या मंदिरात डोक्यावरील तुळईवर कोरलेला असून त्यात विठ्ठलासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे आणि पुंडरीक मुनीचे, म्हणजे पुंडलिकाचे, स्मरणही आहे. म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात पुंडलिकाचे नाव या क्षेत्राशी जडलेले होते, हे दगडावर आहे. आईवडिलांच्या सेवेची आणि विटेची कथा मात्र माहात्म्यग्रंथांतून व संतवाणीतून आपल्यापर्यंत आली. ढेरे पुंडलिकाच्या स्थानाचे मूळ शैव परंपरेत शोधतात, ते त्यांचे अनुमान आहे. वाचताना प्रत्येक विधानाशी थांबून हे कोरीव लेखातून आले, पोथीतून आले की लोककथेतून, असे विचारत गेल्यास वजन आपोआप कळते. रा. गो. भांडारकरांनी ‘विठ्ठल’ हे नाव ‘विष्णू’च्या कानडी रूपावरून आले असे सुचवले होते; व्युत्पत्तीचा असा पुरावा मोहक असतो, पण एकट्याने फार भार पेलत नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत असूनही एक भर घालावीशी वाटते. लोककथेला शिलालेखापेक्षा हलके मानण्याची सवय आपल्याला लागली आहे आणि ढेरे यांचे मोठेपण ती सवय मोडण्यातच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टण कोडोलीला विठ्ठल आणि धनगरांचा देव बिरदेव एकत्र पुजले जातात. धनगरांच्या कथांतली विठ्ठलाची पत्नी पदूबाई रानात राहते, आणि पंढरपुरात रुक्मिणी रुसून दिंडीरवनात गेल्याची कथा सांगतात; तिचे मंदिरही विठ्ठलापासून वेगळे आहे. हे दुवे कोणत्याही ताम्रपटात सापडणार नाहीत. ते गाणाऱ्यांच्या तोंडून ऐकावे लागतात, आणि ज्या समाजाला लिहिता येत नव्हते त्याचा इतिहास दुसऱ्या कोणत्या मार्गाने कळणार? माढे येथील मूर्तीलाच मूळ मूर्ती ठरवणारे त्यांचे मत मला स्वतःला पटलेले नाही, परंतु त्यामुळे बाकीची मांडणी कोसळते असेही नाही. शीर्षकातला ‘समन्वय’ हा शब्द वडिलांना पुन्हा वाचून दाखवावा. धनगरांचा देव वैष्णवांनी हिरावून घेतला, असे ढेरे म्हणत नाहीत.

प्रतिसाद ३

या पुस्तकाच्या जोडीला इरावती कर्वे यांचा वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख अवश्य वाचून दाखवावा. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळ्या पंगतीत जेवतात, हे पाहून झालेली व्यथा त्या लपवत नाहीत, आणि त्याच वाटेवर पंढरीला जाणाऱ्या लोकांचा देश तो महाराष्ट्र, अशी ओळखही त्यांना सापडते. चालत गेलेल्या माणसाला हा लेख लगेच कळेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वडिलांना १२३७ च्या लेखाविषयी सांगितले. त्यांनी तुळई नेमकी कुठे आहे हे दोनदा विचारले आणि म्हणाले, “इतकी वर्षं तिच्याखालून गेलो, मान वर केली नाही, समोर तो दिसत होता ना.” पुढे त्यांनी रुक्मिणीचे प्रकरण आधी वाच म्हणून सांगितले, म्हणून आज तिथूनच सुरुवात करणार आहोत.