कोनन ओब्रायन: टुनाइट शो सात महिन्यांत हातचा गेला, तरी लोक त्याला एवढं का मानतात?

निशाचर
हल्ली यूट्यूबवर कोनन ओब्रायन या अमेरिकन कॉमेडियनच्या क्लिपा सारख्या समोर येतात आणि एक लावली की पुढची लागतेच, झोपेचं पार खोबरं. पण या माणसाची पूर्ण स्टोरी मला नीट माहीत नाही. एवढंच कळलंय की २००९ मध्ये त्याला एनबीसी चॅनेलचा टुनाइट शो, म्हणजे रात्री उशिराचा गप्पांचा कार्यक्रम, मिळाला, म्हणजे अमेरिकन टीव्हीवरची सगळ्यात मानाची खुर्ची, आणि सात महिन्यांत ती गेली पण. मग तो केबलवर गेला. कागदावर बघितलं तर ही घसरणच झाली ना? तरी २०२५ मध्ये त्याला विनोदासाठीचं मार्क ट्वेन प्राइझ मिळालं, त्याच वर्षी ऑस्कर होस्ट केलं, आणि बाकीचे कॉमेडियन त्याच्याविषयी बोलताना एकदम आदराने बोलतात. नेमकं काय झालं होतं आणि लोक त्याला एवढं का मानतात? आणि बघायला सुरुवात कुठून करू तेही सांगा.

पडद्यामागे
२००९ पासून सुरुवात केली तर हा माणूस कळणारच नाही, थोडं मागे जावं लागेल.

कोनन मुळात लेखक. जन्म १९६३, बोस्टनजवळचं ब्रुकलाइन, सहा भावंडं, वडील डॉक्टर आणि आई वकील. हार्वर्डला असताना तिथल्या लॅम्पून या विनोदी मासिकाचा तो दोनदा अध्यक्ष होता. पुढे सॅटर्डे नाइट लाइव्ह या विनोदी शोच्या लेखकांच्या टीममध्ये (तिथे १९८९ ला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला), मग सिम्पसन्स ही कार्टून मालिका. मोनोरेलवाला एपिसोड लोक आजही काढून बघतात ना, तो त्याचाच. म्हणजे तिशीपर्यंत सगळं काम लेखकांच्या खोलीत, कॅमेऱ्यासमोर जवळपास काहीच नाही.

आता १९९२ ला टुनाइट शोचा होस्ट जॉनी कार्सन रिटायर झाला, शो जे लेनोला गेला आणि त्यामागून लागणारा लेट नाइट करणारा डेव्हिड लेटरमन नाराज होऊन सीबीएस या दुसऱ्या चॅनेलला गेला. त्यामुळे लेटरमनची साडेबाराची जागा रिकामी. तिथे सॅटर्डे नाइट लाइव्हचा निर्माता लॉर्न मायकल्स याने या अनोळखी लेखकाला उभं केलं. १३ सप्टेंबर १९९३ ला लेट नाइट सुरू झाला आणि समीक्षकांनी अक्षरशः सोलून काढलं. सुरुवातीचे एपिसोड बघा, तो घाबरलेला दिसतो, हातांचं काय करायचं कळत नाही. एनबीसी १३-१३ आठवड्यांची मुदतवाढ द्यायची, म्हणजे सगळ्या टीमच्या डोक्यावर कायम टांगती तलवार. अशात १९९४ ला खुद्द लेटरमन त्याच्या शोवर पाहुणा म्हणून आला आणि शोचं कौतुक करून गेला, ज्याची खुर्ची घेतली त्यानेच पाठीवर हात ठेवला, याचं मोल त्या वेळी किती असेल विचार करा.

आणि तो सुधारला कसा, तर दुसऱ्या कुणासारखं व्हायच्या नादाला न लागता. बाकीचे होस्ट बातम्यांवर जोक मारत होते तेव्हा हा आणि शोमधला त्याचा जोडीदार अँडी रिक्टर टॉर्च घेऊन अंधारात बसायचे आणि 'सन २००० मध्ये' काय होईल याची भन्नाट भाकितं करायचे, आणि २००० साल उलटून गेलं तरी ते सेगमेंट त्याच नावाने चालूच! ज्या वॉशिंग्टन पोस्टच्या टॉम शेल्सने त्याला आधी झोडलं होतं त्यानेच नंतर मत बदललं. १६ वर्षं चालला हा शो. मला विचाराल तर त्याची खरी कमाई ती पहिली दोन-तीन वर्षं आहेत, २०१० चं प्रकरण नंतरचं.

आकडे_बघा
वरचं सगळं बरोबर आहे पण २०१० बद्दल बोलताना लोक सरळ एनबीसीला व्हिलन करून मोकळे होतात, ते मला पटत नाही. मी स्वतः कोननचा फॅन आहे तरी सांगतो.

झालं असं की २००४ मध्येच एनबीसीने जाहीर केलं होतं की पाच वर्षांनी लेनो जाईल आणि कोनन येईल. पण २००९ आलं तेव्हा लेनोला सोडायचं जिवावर आलं, कारण त्याचे आकडे चांगले होते. म्हणून त्यांनी लेनोला रोज रात्री दहाचा शो दिला. तो पडला. दहाचा शो पडला की अकराच्या लोकल बातम्या पडतात, आणि त्या पडल्या की त्यांच्यामागून येणारा टुनाइट शो पण पडतो. लोकल स्टेशनं भडकली कारण त्यांचा धंदा त्या बातम्यांवर चालतो. मग जानेवारी २०१० ला तोडगा काढला: लेनो ११:३५ ला अर्धा तास आणि टुनाइट शो १२:०५ ला. कोननच्या करारात शोच्या वेळेची हमी नव्हती म्हणतात, आणि एकूण प्रेक्षकांत लेटरमन त्याच्या पुढे गेला होता हे पण खरंच आहे. म्हणजे चॅनेलकडे काहीच कारण नव्हतं असं नाही.

पण मुळात एका खुर्चीचं वचन एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला दाराशीच बसवून ठेवायचं, हा निर्णय चुकलाच. सात महिन्यांत असा शो बसत नसतो, लेनोला स्वतःला लेटरमनच्या पुढे जायला तीन वर्षं लागली होती.

शब्दखूळ
@आकडे_बघा आकडे मान्य, पण लोक त्याला मानतात ते तो वागला कसा त्यामुळे. १२ जानेवारी २०१० ला त्याने एक निवेदन काढलं, 'पृथ्वीवरच्या लोकांनो' अशी सुरुवात, आणि सरळ सांगितलं की टुनाइट शो मध्यरात्रीनंतर ढकलला तर तो टुनाइट शो राहणारच नाही आणि ते पाप मी करणार नाही. आपल्याला मिळालेली गादी टिकवायला तो गप्प बसू शकला असता ना! तडजोडीत एनबीसीने साधारण साडेचार कोटी डॉलर दिले, त्यातले सव्वा कोटीच्या आसपास स्टाफसाठी होते, कारण ही सगळी माणसं त्याच्या भरवशावर न्यूयॉर्कमधलं घरदार हलवून लॉस एंजेलिसला आली होती. त्याआधी २००७-०८ च्या लेखकांच्या संपात पण लेखक सोडून बाकीच्या स्टाफचे पगार त्याने स्वतःच्या खिशातून दिले, आणि शो परत सुरू झाला तेव्हा लेखकांशिवाय काय करणार, तर टेबलावर लग्नाची अंगठी फिरवून ती किती सेकंद फिरते हे मोजत बसला, आणि बघायला मजा आली!

२२ जानेवारी २०१० चा शेवटचा एपिसोड जरूर बघा. शेवटी डोळे भरून आलेत आणि तो तरुण प्रेक्षकांना सांगतोय की कडवट होऊ नका, ठरवलं तसंच कुणालाच मिळत नाही, पण कष्ट करा आणि चांगलं वागा. त्याच आठवड्यात एवढं सगळं हिसकावून घेतलेला माणूस एनबीसीचे आभार मानतो! मी दर वेळी बघताना रडते.

पुढच्या वर्षी, २०११ ला, त्याने डार्टमाउथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात भाषण केलं. त्यात एक फार छान मुद्दा आहे. कार्सनला जुना कॉमेडियन जॅक बेनी व्हायचं होतं, लेटरमनला कार्सन व्हायचं होतं, आमच्या पिढीला लेटरमन व्हायचं होतं, आणि यातल्या कुणालाच ते जमलं नाही, आणि त्या न जमण्यातूनच प्रत्येकाची स्वतःची शैली तयार झाली. निशाचर, तुमच्या 'घसरण' शब्दाला माझं उत्तर हेच.

रिमोट_हातात
मी प्रवासवाल्या एपिसोडसाठी आलोय. २०१० ला टीव्हीवर यायची बंदी होती म्हणून त्याने देशभर स्टेज टूर केली आणि नोव्हेंबरमध्ये टीबीएस या केबल चॅनेलवर नवा शो सुरू केला तो थेट जून २०२१ पर्यंत. केबलवर प्रेक्षक कमी पण मोकळीक जास्त. २०१५ ला अमेरिका-क्यूबा संबंध जरा सैल होताहेत म्हटल्यावर हा लगेच कॅमेरा घेऊन क्यूबाला. मग असिस्टंट सोना मोव्सेसियन मूळची आर्मेनियन म्हणून तिला घेऊन आर्मेनिया, मग कोरिया, मेक्सिको, हैती.

या सगळ्यात एक गोष्ट बघा, परक्या देशात गेल्यावर जोक कायम त्याच्यावर असतो, तिथल्या माणसांवर नाही. सहा फूट चार इंच, लाल केसांचा झुपका, पांढराफटक, आणि तो बाजारात काहीतरी शिकायचा प्रयत्न करतो आणि तिथल्या आज्जी त्याला रागावतात. त्यांना हसू येतं, आपल्याला पण येतं, आणि कुणाचा अपमान झालेला नसतो. हे दिसतं तेवढं सोपं नाही, बाकीचे करायला गेले की पटकन हेटाळणी होते. फिनलंडची गंमत तर त्याच्याही आधीची, तिथल्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष तार्या हालोनेन आणि हा सारखे दिसतात म्हणून शोमध्ये त्यांचा प्रचार केला आणि २००६ ला चक्क हेलसिंकीला जाऊन त्यांना भेटून आला.

निशाचर
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. शेवटचा एपिसोड आजच बघतो. एक राहिलं, पॉडकास्ट कसा आहे? मुलाखती घेणारा म्हणून तो चांगला आहे का? टीव्हीवर तर पाहुण्यापेक्षा तोच जास्त बोलताना दिसतो.

पडद्यामागे
टीव्हीवर सहा-सात मिनिटांत जाहिरातीचा ब्रेक घ्यायचा असतो, पाहुण्याची ठरलेली गोष्ट आणि सिनेमाची जाहिरात उरकायची असते, त्यामुळे तो मध्ये उड्या मारून त्यात जीव आणायचा. पॉडकास्टवर तासभर मिळतो आणि तिथे तो खरंच ऐकतो. नोव्हेंबर २०१८ ला सुरू केला, पहिला पाहुणा विल फेरेल. २०२२ ला सिरियसएक्सएम या रेडिओ कंपनीने पॉडकास्ट बनवणारी त्याची सगळी कंपनी साधारण १५ कोटी डॉलरला घेतली अशी बातमी होती, म्हणजे ज्याला टीव्हीने ढकललं त्याने नवीन माध्यमात बाकीच्यांच्या आधी बस्तान बसवलं. बाकीचे कॉमेडियन आदराने का बोलतात ते इथेच कळतं, लेखनाबद्दल, भीतीबद्दल, डिप्रेशनबद्दल तो त्यांच्याशी उघड बोलतो आणि मग ते पण बोलतात. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे आईवडील तीन दिवसांच्या अंतराने गेले आणि मार्चमध्ये तो ऑस्करच्या स्टेजवर उभा होता, हे डोक्यात ठेवून तो मोनोलॉग परत बघा.

सुरुवात अशी करा: आधी आर्मेनियाचा एपिसोड, मग त्याच्या शोचा निर्माता जॉर्डन श्लान्स्की याच्याबरोबरच्या इटलीच्या क्लिपा, मग पॉडकास्ट. १९९३ चे एपिसोड मात्र शेवटी बघा, आधी बघितलेत तर सोडून द्याल.

शब्दखूळ
आणि जॉर्डनच्या क्लिपा जेवताना लावू नका, ठसका लागतो.