मदत हवी आहे: टोर्नेडोचा इशारा आई-वडिलांपर्यंत वेळेत कसा पोहोचेल?

आम्ही टेक्सासमधील फ्रिस्को येथे, कॉलिन आणि डेंटन काऊंटींच्या (म्हणजे जिल्ह्यांच्या) सीमेजवळ, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. एप्रिलमध्ये, म्हणजे टोर्नेडोच्या ऐन मोसमात, सांगलीहून आई-वडील येणार असून दुपारी दोघेच घरी असतील. त्यांच्याकडे भारतीय सिमकार्ड असेल आणि इंग्रजी संदेश त्यांना चटकन उमगत नाहीत.

शहराचे भोंगे मुळात घराबाहेरच्या लोकांसाठी असल्यामुळे बंद खिडक्यांआड त्यांच्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. म्हणून राष्ट्रीय हवामान सेवेचे प्रसारण पकडणारा, वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा रेडिओ घेतला असून त्यात कॉलिनचा सांकेतिक क्रमांक ०४८०८५ भरला आहे, म्हणजे त्या काऊंटीसाठीच्या इशाऱ्यांनाच तो वाजतो. साप्ताहिक चाचणीचा संदेशही येतो. वादळे बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे डेंटनवरून येतात. पण डेंटनचा ०४८१२१ हाही क्रमांक भरला, तर दूरवरच्या इशाऱ्यांनीही रेडिओ वारंवार वाजेल आणि मग त्याकडे दुर्लक्ष होऊ लागेल, अशी धास्ती वाटते.

इमारतीला तळघर नाही (इथे ते क्वचितच असते), व्यवस्थापनाकडे आसऱ्याची वेगळी जागा नाही आणि आईला जिने भरभर उतरता येत नाहीत.

रोमिंगवरील भारतीय सिमकार्डावर सरकारी आपत्कालीन संदेश येतात का, असा कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का? डेंटनचा क्रमांक भरून फक्त टोर्नेडोच्या इशाऱ्यालाच रेडिओ वाजेल, अशी सोय कोणी केली आहे का? आणि इशारा मिळाल्यावर आईने जिना उतरून तळमजल्यावर जावे, की आमच्याच बिनखिडकीच्या न्हाणीघरात थांबावे?