दुष्काळी मदत: खात्यात रोख, की गावात काम आणि दावणीला चारा?

कोरडवाहू
31 ऑक्टोबर 2023 ला राज्याने 15 जिल्ह्यांतले 40 तालुके दुष्काळी जाहीर केले. आमचा तालुका त्यात होता. तोवर सोयाबीन शेंगा न भरताच वाळलं होतं आणि रब्बीची ओल गेली होती.

हेक्टरी अनुदान हा दुष्काळी मदतीचा मुख्य आधार असू नये, असं माझं ठाम मत आहे. केंद्राच्या 2022 च्या निकषाप्रमाणे जिरायतीला हेक्टरी 8,500 रुपये, 2 हेक्टरपर्यंतच, आणि तेही नुकसान किमान 33 टक्के असेल तर. दोन एकरवाल्याच्या हातात 6,800 येतात. 2019 च्या दुष्काळात चारा छावणीतल्या मोठ्या जनावरामागे सरकार दिवसाला 90 आणि पुढे 100 रुपये देत होतं. त्या दराने 6,800 रुपयांत दोन गायी 34 दिवस निघतात. दिवाळीपासून मृगापर्यंत सात महिने काढायचे असतात.

आम्ही फेब्रुवारीत संकरित गाय बाजारला नेली. व्यापाऱ्याने कास चाचपली, दात बघितले आणि मागच्या साली मागितली होती त्याच्या निम्म्यालाही हात घातला नाही. त्याच्या मागेच तशा वीस-पंचवीस गायी बांधलेल्या. काय बोलणार? दोर सोडून दिला. अनुदान त्यानंतर दोन महिन्यांनी जमा झालं.

म्हणून म्हणतो, डिसेंबरच्या आत मंडळाच्या गावी चारा डेपो आणि गावाच्या शिवारात रोजगार हमीचं काम, हे आधी. रोख रक्कम मागून आली तरी चालेल.

माणदेशी
अजिबात पटलं नाही. छावणीत तुम्ही राहिलात का? 2013 ला आमची चार जनावरं छावणीत होती. एक माणूस कायमचा तिथे अडकतो. आमचे वडील साडेतीन महिने पाचटाच्या खोपटात झोपले. चारा म्हणजे उसाचं वाढं. नुसत्या वाढ्यावर जनावर खंगतं, दूध आटतं. वर दावणीला किती आणि कागदावर किती, हा घोळ वेगळाच. डेपोचंही तेच होणार, वजनकाटा ज्याच्या हातात त्याचा डेपो.

खात्यात पैसे आले की मधला हात जातो. रक्कम तुटपुंजी आहे, उशिरा येते, यावर भांडा, मी तुमच्या पुढे उभा राहीन. पण रोख मागून आली तरी चालेल, हे बोलू नका. ते वाक्य धरून उद्या आहे तेही काढून घेतील.

वाटेकरी
दादा, खात्यात म्हणजे कुणाच्या? मी पाच एकर निम्म्या वाट्याने करतो. अर्धं बियाणं-खत माझं, राबणं सगळं माझं. करपलं तेव्हा निम्मं नुकसानही माझंच. सातबाऱ्यावर नाव मालकाचं, म्हणून अनुदान त्यांना. ते पुण्याला असतात. माणूस चांगला, त्यांनी बोलावून अर्धे दिले. नसते दिले तर मी कुठे जाणार होतो? रोजगार हमीच्या हजेरीपटावर सातबारा विचारत नाहीत.

आकडेमोड
रोजगार हमीबद्दल फार आठवणीत रमून चालणार नाही. 1972 च्या दुष्काळात, 1973 च्या उन्हाळ्यात, कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती, कारण दुसरी मिळकत नव्हती. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे यांची कल्पना त्या काळाला लागू पडली. 2023-24 ला महाराष्ट्रात या कामाची मजुरी 273 रुपये होती. बांधकामावर त्यापेक्षा जास्त सुटतात, ऊसतोडीला उचल मिळते. शेल्फवर, म्हणजे मंजूर कामांच्या यादीत, कामं तयार असतात, मागणी येत नाही. लोकांनीच आपला निर्णय दिलाय.

कोरडवाहू
मागणी येत नाही की नोंदली जात नाही? आमच्या गल्लीतल्या सात बायांनी मिळून अर्ज दिला. अर्ज घेतला, तारखेची पोच दिली नाही. पोच नाही म्हणजे 15 दिवसांत काम दिलं नाही हे सिद्ध होत नाही, मग बेकारभत्ताही मागता येत नाही. त्यातल्या दोघी पुढच्या महिन्यात कोयता घेऊन गेल्या, पोरं आजीजवळ ठेवून. याला निर्णय कसा म्हणायचं?

माणदेशी, वाढ्याचं तुमचं म्हणणं खरं आहे. छावणीपेक्षा डेपो बरा, म्हणजे जनावर आणि माणूस घरी राहतात, एवढंच मला म्हणायचं होतं.

ओलावा
दोघेही मदतीतच अडकलात. जाहीर झालेल्या सवलती वाचा. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, परीक्षा शुल्क माफ. आणि कृषीपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट. विहिरीने तळ गाठलाय तिथे पंपच बंद आहे. त्या सुटीचा उपयोग ज्याच्याकडे पाणी उरलंय त्याला.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने आधी पाणी मोजलं, मग पिकं ठरवली. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. तिथल्या चरांचं आणि बांधांचं बरंच काम रोजगार हमीतूनच झालंय. तेव्हा काम द्यायचं तर पाण्याचंच द्या. आमच्या शिवारात चर यंत्राने दोन दिवसांत खोदले, एकाही घरात मजुरी गेली नाही.

माणदेशी
ताई, हिवरे बाजारसारखी एकी प्रत्येक गावात कुठून आणायची? आमच्याकडे बोअर कुणी थांबवायचा यावरच ग्रामसभा उठली. ती एकी होईपर्यंत या वर्षीची फी, दुकानदाराची उधारी, सोसायटीचा हप्ता थांबत नाही. चाऱ्याने उधारी फिटत नाही. मी रोखीवरच आहे.

पण वाटेकरीदादांचं उत्तर माझ्याकडे नाही, हे कबूल करतो. पिकाची पाहणी होते तेव्हा कसणाऱ्याचं नाव लागायला हवं. मालक बिचकतात, जमीन जाईल म्हणून. नोंद फक्त त्या हंगामाच्या मदतीपुरती असेल, कुळाचा हक्क त्यातून लागणार नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहून द्या.

वाटेकरी
मालकांशी बोललो तर ते स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहेत, वाटा किती आणि कोणत्या गटात ते. असा कागद मदतीच्या यादीसाठी तलाठ्याने धरलाय, असं कुणाचं झालंय का? पंचनाम्याच्या आत कळलं तर बरं.