बारवेशेजारी जमिनीत दडवलेले घर बांधावे का?

माळावरचा

वाई तालुक्यात आमच्या वाटणीला आलेल्या उताराच्या जमिनीत एक जुनी दगडी बारव आहे. पायऱ्या एकाच बाजूने उतरतात, म्हणजे जुन्या शिल्पग्रंथांच्या भाषेत ती ‘नंदा’ प्रकारची. भिंती घडीव काळ्या दगडाच्या, चुन्याशिवाय रचलेल्या. खोली सुमारे ३५ फूट. संरक्षित वास्तूंच्या यादीत ती नाही आणि सातबाऱ्यावर तिची नोंद केवळ ‘विहीर’ एवढीच आहे. दोन वर्षांत तिथे कायमचे राहायला जायचे असल्याने घराच्या आराखड्याचा विचार सुरू आहे. बारवेच्या डोक्यावर दुमजली बंगला उभा राहिला तर तिच्याकडे पाहायला कोणी वळणार नाही, म्हणून घर जमिनीत घालावे असे माझे मत झाले आहे.

बारवेच्या तीन बाजूंना, काठापासून १५ फूट अंतर सोडून, उतारात १० फूट खोल खोल्या घ्यायच्या. छतावर दोन फूट माती टाकून गवत वाढू द्यायचे. उजेड आणि वारा उताराच्या अंगाला काढलेल्या उघड्या अंगणातून घ्यायचा. पायऱ्यांची चौथी बाजू आहे तशी राहील. स्वित्झर्लंडमधील वाल्स या गावी २००९ साली पूर्ण झालेले ‘व्हिला वाल्स’ हे घर असेच डोंगरउतारात पुरलेले आहे. त्यात शिरायचे ते जुन्या कोठारातून, भुयारी वाटेने, आणि बाहेरून दिसते ते कोठार आणि उतारात कोरल्यासारखे एक लंबगोल अंगण. ही कल्पना आपल्याला परकी आहे असेही नाही. आमच्यापासून फार दूर नसलेल्या लिंब गावात वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेली बारा मोटांची विहीर आहे, जिच्या पोटातच कोरीव खांबांचा महाल आहे. जमिनीखाली तापमान वर्षभर फारसे हलत नाही, हे ती विहीर बांधणाऱ्यांना आपल्या आधी कळले होते.

विरोधी मते अवश्य मांडावीत. सहमतीसाठी घरची मंडळी पुरेशी आहेत.

खंदक

मी इमारतींच्या पायांची कामे करतो, म्हणून सौंदर्याविषयी काही न बोलता मातीविषयी बोलतो. लिंबच्या विहिरीचा दाखला येथे लागू पडत नाही. तिथला महाल विहिरीचाच अवयव आहे. मातीचा दाब, मोटांचा भार आणि पाण्याची चढउतार हे सगळे हिशेबात धरून तो विहिरीबरोबर उभा राहिला. आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मातीत, बारवेला न विचारता, नंतर खड्डा घेणार आहात.

चुन्याशिवाय रचलेली बारवेची भिंत म्हणजे मागच्या मातीला अडवणारी आणि त्याच वेळी त्या मातीवर रेललेली दगडांची रास असते. आपल्या घराचा पाया १० फुटांवर बसेल. त्याचा भार खाली जाताना साधारण ४५ अंशांत पसरतो असे ढोबळ गणित आम्ही धरतो. १५ फुटांचे अंतर म्हणजे तो भार पायाच्या खाली १५ फुटांवर, अर्थात जमिनीपासून २५ फूट खोलीवर, बारवेच्या भिंतीला जाऊन भिडेल. तिथून तळापर्यंतचे १० फूट दगड असा आडवा रेटा सोसतील, ज्याची त्यांना सवय नाही. शिवाय मुरूम संपून कठीण दगड लागला की ब्रेकर लावावा लागतो, आणि त्याच्या धक्क्यांनी कोरड्या सांध्यातल्या चिपा, म्हणजे दगडांच्या फटींत ठोकलेले छोटे तुकडे, निसटतात. चिपा निसटल्या की दगड बसतो, आणि एक दगड बसला की वरची ओळ फाकते.

माळावरचा

आपले गणित अर्धेच मांडलेले आहे, असे नम्रपणे म्हणतो. १० फूट माती काढल्यावर त्या जागेवरचे जे वजन कमी होते, ते मातीच्या छतासह एकमजली घराच्या वजनापेक्षा जास्त असते. म्हणजे बारवेच्या भोवतीचा एकूण भार वाढत नाही, घटतो. हाच बंगला मी जमिनीवर बांधला असता तर भार निव्वळ वाढला असता. ब्रेकरचा मुद्दा मात्र मान्य. दगड तारेने कापण्याची सोय आता उपलब्ध आहे, खर्च जास्त असला तरी.

खंदक

एकूण वजन घटते हे खरे आहे, आणि तेवढ्यापुरता आपला मुद्दा बिनतोड आहे. पण माती सगळीकडे सारखी दाबते, घर मात्र भिंतींच्या ओळींवर दाबते, आणि तीन बाजूंनी माती हलकी करून चौथी तशीच ठेवली की समतोल बिघडतो. तरीही हा भाग योग्य आराखड्याने सांभाळता येईल, असे मीही म्हणेन. न सांभाळता येणारी गोष्ट पाणी आहे.

दख्खनच्या दगडात पाणी कठीण कातळाच्या वर, मुरमाच्या आणि झिजलेल्या दगडाच्या थरातून उताराने झिरपत येते. आपल्या बारवेचे झरे याच थरातून असणार. तीन बाजूंपैकी एक बाजू उताराच्या वरच्या अंगाला आहे. तिथे आपण १० फूट खोल, जलरोधक केलेली भिंत घातली, तर ती झऱ्याच्या वाटेत बांध घातल्यासारखी होईल. खालच्या अंगाला घर नेले, तर पावसाळ्यात तुडुंब भरलेली बारव आपल्या शयनगृहाच्या भिंतीमागे उभी राहील. शहाबादी फरशीचे बॉक्स वॉटरप्रूफिंग (तळघराला बाहेरून फरशीची पेटी करणे) कितीही निगुतीने केले तरी श्रावणात बाहेरचे पाणी घराला खालून वर उचलू पाहते, याचा विचार झाला आहे का?

श्रावणसर

फक्त एक अनुभव. आमच्या आजोळच्या वाड्यात तळघर होते. वैशाखात तिथे झोपण्यासाठी भांडणे होत आणि आषाढापासून तिथे कोणी फिरकत नसे, कारण बाहेरची दमट हवा थंड भिंतीला लागली की भिंतीला घाम फुटत असे. गळती मुळीच नव्हती. तरी गोधड्यांवर बुरशी येत असे. तापमान स्थिर राहते हा गुण आपण वर्षाच्या चार महिन्यांचा सांगितला, पावसाळ्याच्या चार महिन्यांचा सांगितला नाही.

उत्तर समुद्र

मी डेन्मार्कमध्ये राहतो, त्यामुळे हेलसिंगोर येथील सागरी संग्रहालयाचा दाखला द्यावासा वाटतो. ते घर नाही, सार्वजनिक इमारत आहे, पण प्रश्न नेमका हाच होता. शेजारी क्रोनबोर्ग किल्ला, जो २००० सालापासून जागतिक वारसा आहे. त्याच्या दृश्यात काहीही आडवे येऊ द्यायचे नव्हते. तिथे जहाजबांधणीची एक जुनी कोरडी गोदी होती. वास्तुरचनाकार बियार्के इंगेल्स यांच्या कार्यालयाने संग्रहालय गोदीत न भरता गोदीच्या भिंतींच्या बाहेर, जमिनीखाली, भोवतीने घातले आणि गोदी स्वतः उघडी, रिकामी ठेवली. २०१३ साली ते सुरू झाले. आत उतरल्यावर सर्वांत जास्त लक्षात राहते ते ती रिकामी जागा. खंदक यांनी सांगितलेला पाण्याचा वर उचलणारा जोर तिथेही होताच, समुद्र दोन पावलांवर आहे, आणि त्यासाठी रचना जमिनीत खोल नांगरून ठेवावी लागली. म्हणजे हे अशक्य नाही. माळावरचा यांच्या आराखड्याचे मर्म मला पटते: जुने मधोमध मोकळे ठेवायचे आणि आपण कडेला, खाली राहायचे.

घाणीचा चुना

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत एक साधा नियम आम्ही पाळतो, की आज केलेले काम उद्या कोणाला काढावेसे वाटले तर मूळ वास्तूला इजा न होता काढता यावे. जमिनीवरचे हलके घर काढता येते. खोदलेला खड्डा भरता येतो, पण मातीचे थर पुन्हा लावता येत नाहीत. बारवेच्या काठाभोवती मोटेचे थारोळे, पाटाचे दगड, पाणी सांडण्याची जागा, कदाचित आणखी जुन्या बांधकामाचा पाया, असे बरेच काही पुरलेले असू शकते, आणि आपण नेमके तेच १० फूट उचलून ट्रॉलीत भरणार आहात. (दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही पुरलेले सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातलेले आहे, दहा रुपये हा आकडा वाचून हसू येते, पण कायदा आहे.)

नवे बांधकाम लपवलेच पाहिजे, हे गृहीतकही तपासावे. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने नव्या भरीवर तिच्या काळाची खूण असावी असे म्हटले आहे, नवे दिसू नये असे म्हटलेले नाही. इंग्लंडमध्ये ॲस्टली कॅसल १९७८ साली आगीत जळाले. त्याच्या पडक्या भिंतींत विटांचे आणि लाकडाचे नवे घर उघडपणे बसवले गेले आणि त्या कामाला वास्तुकलेचा २०१३ चा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. तिथे नवे लाजून जमिनीत गेले नाही. आपण वरच्या अंगाला, ६०-७० फुटांवर, जोत्यावर एकमजली कौलारू घर बांधले तर बारवेचा कोणता अपमान होतो?

माळावरचा

अपमान होत नाही, पण बारव घराच्या मागच्या अंगणातली एक विहीर होऊन जाते. लोक कठडा बांधतात, वर जाळी टाकतात, मोटर बसवतात, आणि मग निर्माल्य टाकतात. आमच्या पंचक्रोशीत अशा तीन बारवा मी कचऱ्याने भरलेल्या पाहिल्या आहेत. रोज उठून जिच्या पातळीला उतरावे लागते, ती वास्तू माणूस विसरत नाही. इजा न होता काढता यावे हा नियम मला मान्य आहे, पण सांभाळणाराच नसेल तर त्या नियमाने कोणती बारव वाचली?

पाणवठा

आपण दोन देवकोष्ठांचा (भिंतीतल्या देवांच्या कोनाड्यांचा) उल्लेख केला नाही, पण ती असणार. आणि पाण्याच्या काठाशी शेंदूर लावलेले सात दगडही असतील. आमच्या गावच्या बारवेत साती आसरांना, म्हणजे पाण्याच्या सात देवतांना, आजही नारळ चढतो, बाळंतीण पहिल्यांदा पाण्यावर येते ती तिथेच. सातबारा आपल्या नावावर असेल, पण त्या पायऱ्यांची वहिवाट कोणाची आहे? तीन बाजूंनी घर आणि चौथ्या बाजूला पायऱ्या, म्हणजे गावातल्या बायकांनी आपल्या खिडक्यांच्या समोरून ओटी घेऊन उतरायचे. मातीचा दाब आणि झरा यांची चर्चा उत्तम झाली. हा दाब कोणी मोजला नाही.

माळावरचा

सात दगड आहेत. लिहायला हवे होते, राहिले, आणि का राहिले याचा विचार आता करतो आहे. पायऱ्यांच्या बाजूची वाट बांधापासून स्वतंत्र ठेवून ती कुंपणाबाहेर सोडता येईल, आणि घराचे तीन हात कमी करून एकच ठेवता येईल: वरच्या अंगाला नाही, खालच्याही नाही, उताराला आडव्या बाजूला, ४० फूट सोडून. खोलीही १० ऐवजी ६ फूट, म्हणजे अर्धे घर जमिनीवर येईल. घराभोवती झिरपणारे पाणी काढायला चर घेतला, तर त्यातले पाणी पाटाने पुन्हा बारवेत सोडता येईल का?

खंदक

४० फूट आणि ६ फूट हे आकडे ऐकून माझा भाराविषयीचा आक्षेप मागे घेतो. चरातले पाणी बारवेत सोडू नये. मुरमातून गाळून महिनाभराने येणारे पाणी आणि नळीतून तासाभरात येणारे पाणी ही एक गोष्ट नाही. चर बांधाकडे न्यावा. आणि एक पावसाळा काहीही न खोदता जाऊ द्यावा. घराच्या जागी ६ फुटांचा एकच चाचणी खड्डा घ्यावा आणि त्यात पाणी कधी दिसते, बारवेत त्या दिवशी किती असते, हे लिहून ठेवावे. त्यासाठी खुणा केलेली काठी लावली तरी पुरे.

पाणवठा

काठी कशाला? पायऱ्या मोजाव्यात. चैत्रात पाणी कितव्या पायरीवर असते हे गावातली कोणतीही म्हातारी सांगेल. तिच्यापासून सुरुवात करावी.