मदत हवी आहे: जुन्या भयपटांचं संगीत ऐकवायचंय, कुठलं रेकॉर्डिंग निवडू?

रातकिडा

नमस्कार मंडळी,

नाशिकला आमचा सिनेमावेड्यांचा एक छोटा कट्टा आहे. एरवी कुणाच्या तरी घरी जमून सिनेमा बघतो आणि नंतर चहावर भांडतो. पुढच्या बैठकीला पडदा बंद ठेवून नुसतं संगीत ऐकायचं ठरलंय. १९३० ते १९६० या काळातल्या भयपटांचं, मोठ्या वाद्यवृंदाचं. निवड करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

सुरुवात 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'नेच (१९३५) करायची हे पक्कं आहे. संगीत फ्रान्झ वॅक्समनचं. शेवटाकडे प्रयोगशाळेत राक्षसासाठी घडवलेल्या वधूत प्राण फुंकले जातात, तेव्हा टिंपनीवर (मोठ्या नगाऱ्यांवर) एकसारखे ठोके पडत राहतात, काळजाच्या ठोक्यांसारखे. सिनेमा बघताना दर वेळी अंगावर काटा येतो. पण सिनेमातूनच तो तुकडा ऐकवावा, तर वरून संवाद, विजांचा कडकडाट आणि त्या यंत्रांची चरचर.

म्हणून नवी रेकॉर्डिंग शोधली. दोन सापडली. एक कंडक्टर चार्ल्स गेरहार्टचं, १९७४चं, आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या वॅक्समन अल्बममधलं, फक्त याच प्रसंगाचं. दुसरं केनेथ ॲल्विनचं, वेस्टमिन्स्टर फिलहार्मोनिकबरोबर, सिल्व्हा स्क्रीनने १९९३ मध्ये काढलेलं. त्यात सिनेमाचं बरंचसं संगीत आहे. दोन्हीत वाद्यन् वाद्य स्वच्छ ऐकू येतं. भव्य वाटतं. पण भीती वाटत नाही!

हा माझ्या कानांचा दोष, की खरंच काही बदललेलं असतं? मूळ रेकॉर्डिंगच साफसूफ करून का देत नाहीत, पुन्हा वाजवायचा खटाटोप कशाला? आणि या दोनांतलं कुठलं लावू? बाकी सिनेमेही सुचवा. आमच्यातला एक तबलजी "मूळ नसेल तर मी येतच नाही" म्हणून बसलाय, त्याला गप्प करता आलं तर दुधात साखर.

आगाऊ धन्यवाद.

---

मंद्र_सप्तक

कान ठीक आहेत, काळजी नसावी.

आधी "पुन्हा कशाला" याचं उत्तर. तीसच्या दशकात संगीत फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीवर उमटवलेलं असायचं. वरचे आणि खालचे दोन्ही स्वर त्यात कापले जायचे. बऱ्याच सिनेमांची फक्त संगीताची वेगळी पट्टी आज उरलेलीच नाही. जे आहे ते संवादात आणि आवाजात मिसळलेलं. त्यातून संगीत सोलून काढणं अवघड. कागदांचीही तीच गत. एमजीएम स्टुडिओने तर आपल्या संग्रहातले पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांची लिहिलेली स्वरलिपी) आणि वादकांच्या प्रती चक्क भरावात टाकून दिल्या. अनेकदा हाती राहते ती कंडक्टरची, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याची, दोन-तीन ओळींची संक्षिप्त प्रत. तिच्यावरून आणि सिनेमा पुन्हा पुन्हा ऐकून कोण काय वाजवतंय ते ठरवायचं आणि पूर्ण स्कोअर नव्याने लिहायचा. जॉन मॉर्गन यांनी यात हयात घालवली आहे.

आता भीती का कमी वाटते. 'ब्राइड'चं मूळ संगीत २२ वादकांनी वाजवलंय. छोटा ताफा, स्टुडिओतली कोरडी खोली, माइक जवळ. त्या आवाजात एक घुसमट आहे. गेरहार्टने तेच लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये नॅशनल फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलं. तो हॉल गुंजणारा, वादक भरपूर. शिवाय सिनेमात कंडक्टरला चित्राच्या मागे धावावं लागतं. प्रसंग संपला की संगीत संपलंच पाहिजे. हॉलमध्ये ती सक्ती नसते, मग हात सैल सुटतो. एकच बंदिश जुन्या तबकडीच्या साडेतीन मिनिटांत गायलेली आणि मैफलीत गायलेली, तसा फरक. बंदिश तीच असते.

माझं मत: तुमच्या कामाला ॲल्विन. गेरहार्टचं वाजवणं जास्त देखणं आहे, पण एकच प्रसंग ऐकवला तर वॅक्समनने काय केलंय ते कळणार नाही. दिग्दर्शक जेम्स व्हेलने त्याला सांगितलं होतं की या सिनेमात शेवटचा विध्वंस सोडून काहीच सुटणार नाही, संगीतही तसंच अधांतरी ठेव. राक्षसाची, वधूची आणि डॉक्टर प्रिटोरियसची सुरावट वेगवेगळी आहे, आणि त्या एकमेकींत अडकत जातात. हे कळायला सलग ऐकावं लागतं.

अवांतर: वॅक्समनला १९३४ मध्ये बर्लिनमध्ये नाझी गुंडांनी रस्त्यात मारहाण केली, तेव्हा तो आधी पॅरिसला आणि मग अमेरिकेला गेला. पॅरिसमध्ये त्याने 'लिलिओम'ला दिलेलं संगीत व्हेलला आवडलं होतं, त्यातून हे काम मिळालं.

---

चकवा

मंद्र_सप्तक यांना +१. वधूची ती तीन स्वरांची सुरावट ऐकून कुणाला 'साउथ पॅसिफिक'मधलं 'बाली हाय' आठवलं, तर हसू नका. ते नाटक १९४९चं, म्हणजे वॅक्समन आधीचा.

---

कोरी_पट्टी

मी तबलजींच्या बाजूने. 'साफ ऐकू येतं' हा गुण कधीपासून झाला? त्या जुन्या पट्टीतली खरखर हा भीतीचाच भाग आहे. आणि नवं रेकॉर्डिंग म्हणजे कुणाचा तरी अंदाज. मूळ वाजवणारे नाहीत, खोली नाही, कधीकधी कागदही नाहीत.

साधा दाखला घ्या. 'सायको'चं (१९६०) संगीत बर्नार्ड हरमनने स्वतः १९७५ मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, त्याच वर्षी तो गेला. संगीतकार तोच, स्कोअर तोच, तरी लय इतकी संथ की सिनेमातला तो चाकूचा प्रसंग थंड पडतो. खुद्द हरमनला जमलं नाही तिथे इतरांचं काय?

---

मंद्र_सप्तक

कोरी_पट्टी, दाखला बरोबर, निष्कर्ष नाही पटला. त्याच 'सायको'चं जोएल मॅकनीलीने रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं रेकॉर्डिंग (व्हारेस साराबांद कंपनी, १९९७) ऐका. लय चांगली चढी ठेवलीय. 'सायको'त नुसती तंतुवाद्यं आहेत, आणि न्हाणीघरातला खून सोडला तर ती दबका आवाज देणारी म्यूट लावून वाजतात. म्हणून तिथे तो आवाज एवढा उघडा, ओरखडल्यासारखा येतो. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये हा फरक हाताने चाचपता येईल इतका जाणवतो. सिनेमाच्या पट्टीवर तो बराचसा पुसला जातो.

---

पडका_वाडा

सगळे अमेरिकेतच अडकलात. ब्रिटनच्या हॅमर कंपनीला विसरू नका! जेम्स बर्नार्डचं १९५८चं 'ड्रॅक्युला' लावा. मुख्य सुरावट तीनच स्वरांची, 'ड्रॅ-क्यु-ला' या नावाच्याच वजनावर बांधलेली. पितळी वाद्यं बोंबलून ते नाव घेतात. सूक्ष्म वगैरे काही नाही, सरळ धडक. मला हेच आवडतं.

त्याच्या आधी त्याने हॅमरसाठी केलेलं 'क्वाटरमास एक्सपेरिमेंट' (१९५५) फक्त तंतुवाद्यं आणि तालवाद्यांवर आहे. 'सायको'च्या पाच वर्षं आधी! पैसे कमी होते म्हणून असेल, पण काम झकास. हॅमरचं बरंच संगीत सिटी ऑफ प्राग फिलहार्मोनिकने सिल्व्हा स्क्रीनसाठी वाजवलंय. संकलनं आहेत, दर्जा कमी-जास्त. निवडून घ्या.

---

रातकिडा

वा, एवढ्या लवकर एवढं! सगळ्यांचे आभार. ॲल्विन नक्की. 'सायको'चे हरमन आणि मॅकनीली पाठोपाठ लावतो, म्हणजे भांडणाची सोय आपोआप होईल.

अजून दोन शंका. युनिव्हर्सलच्या चाळीसच्या दशकातल्या सिनेमांचं, 'वुल्फ मॅन' वगैरेचं, काही धड मिळतं का? आणि बेला लुगोसीच्या १९३१च्या 'ड्रॅक्युला'चं नवं रेकॉर्डिंग शोधतोय, तर भलतंच काहीतरी येतंय.

---

चकवा

कारण १९३१च्या 'ड्रॅक्युला'ला स्वतःचं पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. नामावलीला चायकोव्हस्कीचं 'स्वान लेक', नाट्यगृहाच्या प्रसंगात वाग्नर आणि शूबर्टची अपूर्ण सिंफनी, बाकी शांतता. तुम्हाला सापडलं ते बहुधा फिलिप ग्लासचं असेल. त्याने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या सिनेमासाठी नवीन संगीत लिहिलं, क्रोनोस क्वार्टेटने वाजवलं. चारच वादक, त्यामुळे तुमच्या 'मोठा वाद्यवृंद' अटीत बसत नाही. ऐकायला मात्र छान.

---

मंद्र_सप्तक

'वुल्फ मॅन'साठी मार्को पोलो या कंपनीची सीडी शोधा, नंतर नॅक्सॉसनेही काढली. जॉन मॉर्गनची पुनर्रचना, विल्यम स्ट्रॉम्बर्ग आणि मॉस्को सिंफनी ऑर्केस्ट्रा. त्यात 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३९) आहे, 'इनव्हिजिबल मॅन रिटर्न्स' आणि 'वुल्फ मॅन'ही. संगीत फ्रँक स्किनर आणि हान्स सॉल्टर यांचं. सॉल्टर व्हिएन्नाचा, आल्बान बेर्ग या मोठ्या आधुनिक संगीतकाराचा विद्यार्थी, आणि हॉलिवुडमध्ये येऊन ममी-लांडग्यांना सूर देत बसला. युनिव्हर्सल हे संगीत पुन्हा पुन्हा वापरायचं: 'सन'चे तुकडे 'ममीज हँड'मध्ये, 'ब्राइड'चे 'फ्लॅश गॉर्डन'च्या मालिकापटांत.

याच चमूचं 'हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९४४) अख्खं आहे. सॉल्टरबरोबर त्यात पाउल डेसाउ, पुढे जर्मन नाटककार ब्रेख्तच्या 'मदर करेज' नाटकाला संगीत देणारा. श्रेयनामावलीत त्याचं नाव नव्हतं. वेळ कमी असेल तर हे वगळा पण 'वुल्फ मॅन' घ्या.

शोधताना सिनेमाच्या नावाबरोबर कंडक्टरचं नाव टाका. नुसतं सिनेमाचं नाव टाकलं की कीबोर्डवर वाजवलेल्या नकलाच आधी येतात.

---

कोरी_पट्टी

ठीक आहे, मॉस्कोवाल्यांचं मीही ऐकलंय, चांगलं आहे. पण रातकिडा, एक करा. 'ब्राइड'चा प्रयोगशाळेतला प्रसंग आधी सिनेमातूनच ऐकवा, विजा-बिजांसकट, पडदा झाकून. मग ॲल्विन. तुमचा तबलजी येईल.

---

रातकिडा

हे मान्य. त्याला आत्ताच कळवलं. म्हणतो, येतो, पण स्पीकर तो आणणार.