अनुभव धागा: दारापुढची रेतीची पोती, बडोद्यात काय टिकतं आणि काय वाहून जातं

धागाकर्ती (कारेलीबाग): जुलै २०१९ मध्ये एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २६ फूट असताना. तेव्हापासून दर मे महिन्यात आपल्याकडे पोत्यांची चर्चा होते आणि दर वेळी अर्धवट राहते. पूर कसा आला, कोणाचं काय गेलं ते इथे नको. पोती कसली, रेती किती, कशी रचायची, कुठे फसतं, एवढंच लिहा. माप द्या, अंदाज नको.

दांडियाबाजार_ओटा: पोत्यापासून सुरुवात करतो. तागाचं बारदान ओलं झालं की चांगलं बसतं, घसरत नाही, पण एका पावसाळ्यात कुजतं आणि कोपऱ्यात ठेवलं तर वाळवी लागते. विणलेल्या प्लास्टिकचं पोतं कुजत नाही, पण उन्हात दोन-तीन महिने पडलं की बोट लावताच फाटतं. त्यामुळे प्लास्टिकचं घ्या आणि सावलीत ठेवा. खताची वा धान्याची रिकामी पोती चालतात. सिमेंटची नको. आतली पूड ओली होऊन पोत्याचा दगड होतो, मग ते उंबऱ्याच्या आकारात बसतच नाही.

आकार साधारण १४ बाय २६ इंच. ५० किलोचं मोठं पोतं भरलं तर उचलणार कोण? पाणी वाढत असताना पाठ धरली की संपलं.

समा_सोसायटी: भरायचं अर्धं, फार तर दोन-तृतीयांश. वजन १५ किलोच्या आसपास. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. गच्च भरलेलं पोतं उशीसारखं गोल होतं, दोन गोल पोत्यांमध्ये बोटभर फट राहते, आणि त्या फटीतून बादलीने ओतल्यासारखं पाणी येतं. ढिलं पोतं पायाने दाबलं की विटेसारखं चपटं होतं.

तोंड सुतळीने बांधू नका. रिकामा भाग दुमडून पोत्याखाली घ्या, त्याच्याच वजनाने दाबला जातो. गाठ मारली तर आतली रेती पसरायला जागा उरत नाही. दूर वाहून न्यायचं असेल तर वाटेपुरती बांधा, रचताना सोडा.

धागाकर्ती: आणि रेती किती मागवायची? एका दाराला?

समा_सोसायटी: एक घनफूट कोरडी रेती सुमारे ४५ किलो, म्हणजे घनफुटाला तीन पोती. तीन फुटी दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक फूट धरून पाच फूट रुंदी घ्या. एक फूट उंचीसाठी तीन थर: खाली तीन रांगा, मध्ये दोन, वर एक. एका रांगेत साडेतीन पोती बसतात. एकूण २१. फाटकी-बिटकी धरून २५ म्हणा, म्हणजे साडेआठ घनफूट. छोटा हत्ती भरून आणायची गरज नाही, शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून मागवली तर परवडते.

भरताना २० लिटरच्या रंगाच्या डब्याचा तळ कापून नरसाळं करा. एकाने पोतं धरायचं, दुसऱ्याने तगाऱ्याने ओतायचं. दोघांत २५ पोती तासाभरात होतात.

ओरसंगची_रेती: आपल्याकडे ओरसंग नदीची भरड रेती सहज मिळते. प्लास्टरला ती उत्तम, पोत्यात एकटी नको. दाणा मोठा, पाणी आरपार जातं. अगदी बारीक रेती घेतली तर विणीतून हळूहळू गळते, तिसऱ्या दिवशी पोतं चपटं. मध्यम रेती घ्या. भरडच मिळाली तर चार भागांत एक भाग साधी माती मिसळा. अंगणातली काळी माती मात्र नाही. कोरडी असताना ढेकळं, भिजली की फुगते, पोतं एका बाजूला कलंडतं. क्रशरची डस्ट चालते, वजनदारही असते, फक्त भरताना नाकाला फडकं बांधा.

मांडवी_वाडा: जुन्या वाड्यांबद्दल. पोती लाकडी दाराला टेकवून रचू नका. पाण्याचा जोर पोत्यांवरून दाराच्या फळीवर येतो आणि बिजागरं सुटतात. ओट्याच्या कडेवर, दारापासून हातभर पुढे रचा. मधल्या जागेत झिरपलेलं पाणी साठेल, ते मग बाहेर फेकता येतं. ओट्याच्या फरशीवरचं शेवाळ आधी खरवडून काढा, नाहीतर सगळी भिंतच घसरते.

पाण्याचा_हिशोब: जोर म्हणजे किती, ते आकड्यात सांगतो. एक मीटर रुंदीच्या आडोशावर ३० सेंटीमीटर पाणी असेल तर सुमारे ४५ किलोचा रेटा. ६० सेंटीमीटरला १८०. ९० सेंटीमीटरला ४०० च्या पुढे. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट. म्हणून ‘अजून दोन थर चढवू’ हे पायथा न वाढवता करायचं नाही. जितकी उंची, त्याच्या तिप्पट पायथ्याची रुंदी. आणि पाणी तीन फुटांच्या जवळ जायला लागलं की अडवणं सोडा, आत येऊ द्या. बाहेर तीन फूट आणि आत कोरडं, असं झालं तर साडेचार इंची भिंत आत पडू शकते. तोवर सामान वर गेलेलं असलं म्हणजे पोत्यांचं काम झालं.

मांडवी_वाडा: हे पटत नाही असं म्हणणारे प्रत्येक गल्लीत चार तरी असतात. ते पाचवा थर चढवतात.

प्लास्टिक_विसरू_नका: नुसती पोती गळतातच. पाण्याच्या बाजूने जाड प्लास्टिक हवं, २०० मायक्रॉन किंवा बिनभोकाची ताडपत्री. खालची कड फूटभर जमिनीवर पसरून तिच्यावर पोत्यांची एक ओळ, मग हा प्लास्टिकचा कागद पोत्यांच्या भिंतीवरून वर आणून सगळ्यात वरच्या पोत्याखाली खोचायचा. ताणू नका, सैल ठेवा. पाणी स्वतःच त्याला पोत्यांच्या खाचांत दाबून बसवतं. ताणलेला कागद पहिल्याच फटीपाशी फाटतो. बरेच जण कागद घराच्या बाजूने लावतात, तो शोभेचा.

नहाणी_ट्रॅप (मुजमहुडा): आता मूळ मुद्दा, ज्यावर कोणीच लिहिलं नाही. आपल्याकडे पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून येतं. नदी चढली की गटारं तुंबतात, चेंबर भरतं, आणि दारापुढे सुंदर भिंत असताना संडासातून काळं पाणी वर येतं.

चार इंची पाइपच्या तोंडावर पाण्याच्या दर फूट उंचीला साधारण अडीच किलोचा रेटा असतो, म्हणजे वजनाने तो सहज दाबला जातो. अडचण वजनाची नाही, बसण्याची आहे. पाच-सहा किलो रेती दोन जाड कचरापिशव्यांत, पिशवी अर्धीच भरून, हवा काढून, तोंड पक्कं बांधून कमोडच्या तळात बसवा. रेती खड्ड्याचा आकार घेते. वर झाकण, झाकणावर पाण्याचा भरलेला जार. नहाणी ट्रॅपची (मोरीतलं पाणी जायच्या भोकाची) जाळी काढून तिथेही तशीच लहान पिशवी, त्यावर चपटं पोतं. वॉशिंग मशीनचा ड्रेन पाइप आणि तळमजल्याचं सिंक विसरू नका.

आणि वरच्या मजल्यांना सांगून ठेवा. चेंबर तुंबलेलं असताना वरून कोणी फ्लश ओढला तर ते पाणी खालच्या घरातच निघतं, कारण पाइप एकच. कायमचा उपाय म्हणजे चेंबरच्या आधी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप. त्यातही दर मे महिन्यात झडप उघडून केस आणि चिंध्या काढाव्या लागतात, नाहीतर ती अर्धी उघडीच राहते.

समा_सोसायटी: काकू, धाग्याचं नाव बदला. ‘दारापुढची आणि मोरीतली’.

तळघर_पार्किंग: सोसायटीवाल्यांसाठी थोडक्यात. पोती रॅम्पच्या तळाशी नाही, वर रस्त्याच्या कडेला जिथे रॅम्प सुरू होतो तिथे. तळाशी रचली तर रॅम्पभर पाण्याची उंची तुमच्या भिंतीवर येते. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, तिच्या खड्ड्यात पाणी आधी जातं. मीटरची मेन स्विच पाणी यायच्या आधी पाडा, पाण्यात उभं राहून नाही.

फुगणारी_पिशवी: ऑनलाइन मिळतात त्या पाण्यात टाकल्या की फुगतात. हलक्या, साठवायला सोप्या. पण आतली जेल म्हणजे जवळजवळ पाणीच, त्यामुळे पूर्ण बुडाल्या की वजनच उरत नाही आणि सरकतात. उंबऱ्यावर दोन-तीन इंच पाण्यासाठी ठीक, वर दोन रेतीची पोती ठेवून. एकदाच वापरायच्या.

मुख्य दाराला खर्च करायचाच असेल तर १८ मिलिमीटर मरीन प्लायची दोन फुटी फळी, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची खाच आणि खाली रबराची पट्टी. पोती मग फक्त फळीच्या पायथ्याशी लागतात.

काळाघोडा_पलीकडे: मगरीचं लिहितो, हसू नका. पूर आला की विश्वामित्रीतल्या मगरी वस्तीत येतात, आणि पोत्यांच्या ढिगामागचा कोपरा त्यांनाही आवडतो, सापांनाही. ढिगामागे हात घालायच्या आधी लांब काठी फिरवा. मगर दिसली तर दगड मारायचा नाही, दोर टाकायचा नाही, वनविभागाला कळवायचं.

धागाकर्ती: पाणी ओसरल्यावर त्या रेतीचं काय? गणपतीच्या मांडवाच्या खांबांना लावली तर?

ओरसंगची_रेती: कोरडी राहिलेली पोती खुशाल लावा, प्रत्येक खांबाला दोन. गटाराचं पाणी शिरलेली नको. ती कुंड्यांत, भाजीच्या वाफ्यात, मुलांच्या खेळण्यात, प्लास्टरमध्ये कुठेच नाही. हातमोजे घालून उचला, कचऱ्याच्या गाडीला वेगळी द्या. गटारात रिकामी केली तर पुढच्या पावसात तेच गटार तुंबतं. मग नहाणी ट्रॅपवाल्यांची पिशवी परत लागते.

दांडियाबाजार_ओटा: कोरडी पोती लाकडी पाट्यावर, भिंतीपासून वीतभर लांब, वर जुनी चादर. मृगाच्या आधी एकेक उचलून बघा. बूड ओलं लागलं तर ते पोतं बदला, आतली रेती तीच चालते.