कोटीची इलेक्ट्रिक गाडी, चार वर्षांनंतर: समाधान कशात आणि पश्चात्ताप कशाचा?

बाणेरकर (धागाकर्ता)

एप्रिल २०२२ मध्ये मी एका जर्मन कंपनीची आयात केलेली इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही. विमा वगैरे धरून गाडी १ कोटी ८ लाखांना पडली. त्या वेळी महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाड्यांना रोड टॅक्स माफ होता, तो वाचला. आजवर ६२,००० किलोमीटर झाले आहेत. गेल्या महिन्यात विकून टाकावी असे मनात आले म्हणून जुन्या महागड्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थांना ती दाखवली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॅटरीची वॉरंटी किती उरली एवढेच विचारले आणि ३३ लाख सांगितले.

त्या रात्री मी वही काढून बसलो. ७५ लाखांची घट भागिले ६२,००० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे १२१ रुपये. आता इंधनाची बचत पाहा. लिटरला अकरा किलोमीटर देणारी डिझेल गाडी असती तर किलोमीटरला आठ रुपये लागले असते, घरी चार्ज केल्यामुळे मला अडीचच्या आत पडतात. चार वर्षांत ही बचत साडेतीन लाखांच्या आसपास होते. शोरूममध्ये मला पटवून देताना विक्रेत्याने अर्धा तास याच बचतीवर खर्च केला होता.

समाधानाबद्दलही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. बॅटरीची मला जी धास्ती होती ती फोल ठरली: नवी असताना माझ्या चालवण्यात एका चार्जमध्ये ३८० किलोमीटर मिळत, आजही ३५० मिळतात. चार वर्षांत ऑइल बदलणे नाही, क्लच नाही, ब्रेक पॅडसुद्धा मूळचेच आहेत. खंडाळ्याचा चढ चढताना माझी आई मागच्या सीटवर झोपलेली असते आणि घाट संपल्यावर विचारते, "घाट आला का रे?" या एका प्रश्नासाठी मी बरेच पैसे मोजायला तयार आहे, ७५ लाख मात्र नाही.

माझे म्हणणे असे की ही गाडी म्हणून उत्तम वस्तू आहे, पण विकत घेण्याची वस्तू नाही. ज्याला हौस आहे त्याने ती तीन वर्षांच्या भाडेकरारावर घ्यावी आणि परत करून मोकळे व्हावे. इतरांना काय वाटते?

आकडेमोड

बाणेरकर, तुमची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, पण तुलना चुकलेली आहे. तुम्ही गाडीची घट थेट इंधनाच्या बचतीशी ताडून पाहता, जणू काही डिझेलची तेवढीच महागडी गाडी घेतली असती तर तिची किंमत जागच्या जागी राहिली असती. २०२२ मध्ये त्या वर्गातल्या डिझेल एसयूव्हीवर जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्के कर होता, इलेक्ट्रिकवर फक्त ५ टक्के. त्यावर डिझेलला १५ टक्के रोड टॅक्स, म्हणजे कोटीच्या गाडीवर १५ लाख. एवढे भरून घेतलेली गाडी चार वर्षांनी पन्नास लाखांना गेली असती तर तुम्ही नशीबवान समजले गेला असता. म्हणजे केवळ इलेक्ट्रिक असल्यामुळे झालेला तुमचा जादा तोटा पंधरा-वीस लाखांचा आहे. बाकीचा तोटा महागडी गाडी घेण्याचा आहे आणि त्याचा दोष विजेला देता येत नाही.

दुसरे असे की गाडी तुम्ही स्वतःच्या नावावर घेतलेली दिसते. माझ्या अशिलांपैकी ज्यांनी ती व्यवसायाच्या नावावर घेतली, त्यांना इलेक्ट्रिक वाहनावर ४० टक्के दराने घसारा (झिजेपोटी करपात्र उत्पन्नातून वजावट) मिळाला, जो साध्या मोटारीला १५ टक्के असतो. कर्ज काढून वैयक्तिक नावावर घेणाऱ्यांनाही ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजावर, जुन्या करप्रणालीत, दीड लाखापर्यंत वजावट होती. त्या लोकांकडून मी अद्याप पश्चात्ताप ऐकलेला नाही.

बाणेरकर

आपला करांचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यातच एक गोम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचा कर ४० टक्क्यांवर आला आणि इलेक्ट्रिकचा ५ टक्केच राहिला. म्हणजे ४५ टक्क्यांचे अंतर ३५ वर आले. त्याआधी मार्च २०२५ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात तो मागेही घेतला गेला. दर वर्षी जिथे फासे असे पडतात, तिथे जुनी गाडी घेणारा माणूस धास्तावणारच.

आणि एक प्रत्यक्ष फरक सांगतो. माझ्या शेजाऱ्यांनी त्यांची डिझेल गाडी विकायला काढली तेव्हा आठवडाभरात तीन गिऱ्हाइके घरी येऊन गेली. माझ्याकडे महिनाभरात एकच आला, आणि तो विकत घेणारा नव्हता, व्यापारी होता.

पंचगंगाकाठ

मी कोल्हापूरचा. माझ्याकडेही साधारण याच किमतीची इलेक्ट्रिक गाडी साडेतीन वर्षे आहे आणि मला रुपयाचाही पश्चात्ताप नाही. कारण साधे आहे: माझे घर स्वतंत्र आहे, कारखान्यासाठी म्हणून बसवलेले थ्री फेज कनेक्शन अंगणापर्यंत आलेले आहे आणि गच्चीवर सौर पॅनेल आहेत. ११ किलोवॉटचा चार्जर रात्री लावला की सकाळी गाडी तयार. पंपावर शेवटचा कधी गेलो ते आठवत नाही, हवा भरायला गेलो असेन तेवढेच.

भाडेकराराचे तुम्ही जे सुचवता ते मला पटत नाही. भाड्याने घेतलेली गाडी माणूस भाड्याचीच म्हणून वापरतो. मी ही गाडी दहा वर्षे ठेवण्यासाठीच घेतली आहे, तेव्हा आज तिला कोणी ३३ लाख म्हणतो की २३, याने माझे काय बिघडते? विकायला न काढलेल्या वस्तूचा भाव रोज विचारत बसणे हे दुखणे ओढवून घेण्यासारखे आहे.

चालवण्याचा आनंद हा या चर्चेत कोणी फारसा मांडत नाही म्हणून लिहितो. आजऱ्यावरून आंबोलीला गेलो आणि तिथून घाट उतरायला लागलो की मी ब्रेकवर पाय ठेवतच नाही. पायाखालचा एक्सलरेटर सैल सोडला की मोटर उलटी काम करते, वेग धरून ठेवते आणि बॅटरीत वीज परत घालते. दाणोलीला पायथ्याशी पोचतो तेव्हा बॅटरीचा आकडा वर होता त्यापेक्षा एक टक्का जास्त असतो. पूर्वीच्या गाडीने याच घाटात ब्रेक तापल्याचा वास यायचा आणि मुले काचा खाली करायची. (नवशिक्यांसाठी एक सूचना: वर मुक्काम करून गाडी शंभर टक्के भरून खाली निघू नका. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागा नसते, त्यामुळे ती ओढ मिळत नाही.)

त्रस्त ठाणेकर

पंचगंगाकाठ, तुमचे अंगण आणि तुमची गच्ची आम्हाला मिळाली असती तर मीही हेच लिहिले असते. आमची पार्किंगची जागा दुसऱ्या तळघरात. मीटरच्या खोलीपासून तिथवर सत्तर मीटर केबल टाकावी लागणार होती आणि तिचा सगळा खर्च मी करायला तयार होतो. सोसायटीच्या दोन वार्षिक सभांमध्ये विषय पत्रिकेवर आला आणि दोन्ही वेळा "आग लागली तर जबाबदार कोण" या प्रश्नावर पुढे ढकलला गेला. तोवर मी आठवड्यातून दोन रात्री मॉलच्या पार्किंगमध्ये, युनिटला बावीस रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी भरून, गाडीत बसून काढल्या. पाऊण कोटीच्या गाडीत बसून डब्यातले पोहे खाणे हा अनुभव मी कोणाला सुचवणार नाही.

पण माझी खरी तक्रार त्याहून मोठी आहे आणि ती अजून कोणीच मांडलेली नाही. गेल्या पावसाळ्यात नाशिक महामार्गावर, शहापूरच्या पुढे, उखडलेल्या रस्त्यातला एक दगड गाडीच्या पोटाला लागला. गाडी व्यवस्थित घरी आली. दोन दिवसांनी इशारा दिसू लागला म्हणून सर्व्हिस सेंटरला नेली, तेव्हा बॅटरीच्या खालच्या आवरणाला तळहाताएवढा चेपा पडलेला आढळला. आवरण स्वतंत्र बदलता येत नाही, सगळा पॅक बदलावा लागेल, असे सांगून त्यांनी २७ लाखांचे अंदाजपत्रक हातात ठेवले.

आता गंमत पाहा. विम्यात गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, तिसऱ्या वर्षी ३५ लाखांवर आली होती. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या पुढे गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करण्यात अर्थ नाही अशी, धरली जाते. पस्तीस लाखांचे ७५ टक्के म्हणजे सव्वासव्वीस लाख. माझी गाडी, जिच्यावर वरून एक ओरखडा नव्हता, जी स्वतःच्या चाकांवर सर्व्हिस सेंटरला गेली होती, ती कागदोपत्री मेली. ज्या दिवशी टोइंगवाले तिला घेऊन गेले त्या दिवशी मुलीने डॅशबोर्डवरचा गणपती काढून घेतला.

गाडीचा भाव उतरतो, पण बॅटरीच्या पॅकचा भाव कंपनीच्या यादीत उतरत नाही. ही दोन टोके जसजशी जवळ येतात तसतसा लहानसा अपघातही गाडी संपवायला पुरतो. म्हणून "मला विकायचीच नाही, मग भावाचे काय" हे म्हणणे, काका, फार काळ टिकणार नाही.

पंचगंगाकाठ

तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले, आणि आयडीव्हीची ही बाजू माझ्या लक्षात आलेली नव्हती हे कबूल करतो. कागल ते सातारा सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांवरून मी महिन्याला दोन खेपा करतो. माझ्या विम्याचे नूतनीकरण जूनमध्ये आहे.

फ्योर्डवासी

मी मूळचा सांगलीचा, सध्या नॉर्वेत स्टाव्हांगरला असतो. येथे २०२५ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ ९६ टक्के इलेक्ट्रिक होत्या, त्यामुळे "इलेक्ट्रिक घेऊ की नको" हा प्रश्नच येथे उरलेला नाही. तरीही महागड्या गाड्यांबद्दलची कुरकुर माझ्या ओळखीत भरपूर ऐकू येते. २०२२ अखेरपर्यंत या गाड्यांवर मूल्यवर्धित कर पूर्ण माफ होता. जानेवारी २०२३ पासून पाच लाख क्रोनरच्या वरच्या रकमेवर तो २५ टक्के लागू झाला आणि जानेवारी २०२६ पासून ही मर्यादा तीन लाखांवर आली. तुमच्याकडच्या फाशांचीच ही दुसरी सोंगटी म्हणा.

फरक एवढाच की येथे दुसरे गिऱ्हाईक आहे. आमच्या गावचा प्लंबर पाच वर्षांची जुनी महागडी इलेक्ट्रिक गाडी बिनधास्त घेतो, कारण त्याच्या घरी चार्जर आहे आणि बॅटरी तपासून लेखी अहवाल देणारे लोक त्याच्या गावात आहेत. बाणेरकरांच्या भाडेकराराच्या सूचनेबद्दल मात्र मी असहमत आहे. गाडी भाड्याने देणारा धर्मादाय करत नाही. होणारी घसरण तो आधीच धरून, त्यावर व्याज चढवून, तुमच्या हप्त्यात घालतो. नुकसान तेवढेच होते, फक्त ते एकदम दिसत नाही.

संत्रानगरी

या धाग्यावर मीच बहुधा एकटा असा आहे की ज्याला तुमच्या पश्चात्तापाचा फायदा झाला. गेल्या दिवाळीत मी नागपुरात मुंबईहून आलेली, २०२२ ची, ४१,००० किलोमीटर झालेली इलेक्ट्रिक एसयूव्ही ३६ लाखांना घेतली. घेण्याआधी दोन गोष्टी केल्या. सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीची क्षमता तपासून घेतली, ती ९२ टक्के निघाली. आणि गाडी लिफ्टवर चढवून, हातात टॉर्च घेऊन, तिचे पोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे आणि मालक बदलला तरी ती गाडीबरोबर येते.

समृद्धीवर १२० च्या वेगाने चालवले तर रेंज चांगलीच खाली येते, शंभरवर ठेवले तर तक्रार नाही. नागपूरच्या मे महिन्याबद्दल मला सगळ्यांनी घाबरवले होते. तो अजून यायचा आहे, आल्यावर लिहीन. पण हिशेब असा: वॉरंटी संपेपर्यंत साडेचार वर्षे चालवून २०३० मध्ये गाडीची किंमत अगदी शून्य झाली तरी मला वर्षाला आठ लाख पडतील. बाणेरकरांना आजवर वर्षाला एकोणीस लाख पडले. गाडी जवळपास तीच आणि शांतताही तीच.

आकडेमोड

संत्रानगरी, तुमचा हिशेब मला आवडला, पण सगळ्यांनी जुनी घ्यायचे ठरवले तर नवी घेऊन तिला जुनी कोण करणार? कोणीतरी बाणेरकर लागतोच.

बाणेरकर

आकडेमोड, धन्यवाद म्हणू की नको ते कळत नाही.

फ्योर्डवासींचा हप्त्यांचा मुद्दा मी तपासून पाहिला. एका भाडेकराराचे कोटेशन मागवले, तर तीन वर्षांचे हप्ते आणि विमा मिळून रक्कम माझ्या घटीच्या पाऊणपट निघाली, आणि शेवटी हाती गाडीही राहत नाही. तेव्हा माझी मूळ सूचना मी मागे घेतो. संत्रानगरींचा हिशेब मला आजच्या तारखेपासून लावला तर गाडी माझ्याकडे ३३ लाखांची आहे आणि वॉरंटीची चार वर्षे बाकी आहेत. विकून ३३ लाखांत यापेक्षा बरे मला काय मिळणार आहे, हे दोन दिवस शोधले आणि सापडले नाही. गाडी ठेवतो आहे.

त्रस्त ठाणेकर, तुमच्यासाठी एक प्रश्न आहे, कारण माझे विम्याचे नूतनीकरण याच महिन्याच्या २० तारखेला आहे. विमा कंपनीने आयडीव्ही ३१ लाख लिहिली आहे. जादा हप्ता भरून ती वाढवून मागता येते का, आणि तुम्ही मागितली होती का?

त्रस्त ठाणेकर

मी मागितली नव्हती. दोन हजारांचा हप्ता वाचतो म्हणून उलट सर्वांत कमी आकडा निवडला होता. तुम्ही लेखी मागा आणि इतर दोन कंपन्यांचे आकडेही घेऊन ठेवा. आणि २० तारखेच्या आधी गाडी लिफ्टवर चढवून खालचे फोटो तारखेसकट काढून ठेवा.